ध्रुवप्रदेशातील ऋतुचक्र

उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावर, नॉर्वेच्या आधिपत्याखालील स्वालबार्ड द्वीपसमूहात, न्यू-ऑलेसुन ही छोटी वसाहत आहे. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधनकेंद्र २००८ साली येथेच सुरू झाले. वर्षाचे सहा ऋतू मानणाऱ्या वाचकास येथील कालगणना काहीशी विचित्र वाटेल. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत येथे सूर्य मावळतच नाही. उलट ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येत नाही. येथील सर्व जीवसृष्टीचा व्यवहार या दोन टोकांमध्ये बांधलेला आहे.

उन्हाळा अल्पकाळाचा. जमीन खोलवर कायमची गोठलेली असून उन्हाळ्यात केवळ तिचा वरचा थर वितळतो. त्यामुळे मुळे खोल जाऊ शकत नाहीत, आणि येथील विलो हा ‘वृक्ष’ बोटभर उंचीचाच राहतो! जांभळ्या सॅक्सिफ्रेजची युक्ती तर पाहण्यासारखी आहे. ही वनस्पती आपल्या कळ्या आदल्या वर्षीच तयार करून ठेवते. साहजिकच बर्फ वितळताच तिला फुलता येते आणि बी पक्व होण्यास अवधी मिळतो.

मे महिन्यात स्कॉटलंडच्या सॉलवे खाडीकडून बार्नाकल हंस येतात. फ्योर्डमधील लहान बेटांवर ते अंडी घालतात, कारण बर्फ फुटल्यावर तेथवर कोल्ह्यास सहसा पोहोचता येत नाही. पिले वाढत असतानाच मोठ्या हंसांची उड्डाणपिसे गळतात. मग काही आठवडे उडता येत नसल्याने सारे कुटुंब पाण्याच्या आसपास चरते. सप्टेंबरपर्यंत पिलांच्या पंखांत सागर ओलांडण्याचे बळ यावे लागते.

मागे राहणाऱ्यांची परीक्षा याहून कठीण असते. आखूड पायांचा, दाट केसांचा स्वालबार्डचा रेनडिअर उन्हाळ्यात अहोरात्र चरून अंगात जाड चरबी साठवतो. या बेटांवर लांडगे नाहीत. तेव्हा त्याचा खरा शत्रू भूक हाच होय. हिवाळ्यात तो हालचाल कमी करतो आणि वाऱ्याने उघड्या पडलेल्या कड्यांवर किंवा भुसभुशीत बर्फ खुरांनी उकरून मिळेल ती वाळकी वनस्पती खातो. टार्मिगन हा पांढरा हिमकुक्कुटही असाच चरबीच्या शिदोरीवर तग धरतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कडक थंडी या प्राण्यांना फारशी बाधत नाही. त्यांचा घात करतो तो हिवाळ्यातील पाऊस. पाणी बर्फातून झिरपून जमिनीशी पोहोचते, तेथे गोठते आणि वनस्पतींवर जणू काचेचे झाकण बसवते. मग खूर कितीही आपटले तरी घास हाती लागत नाही. ३० जानेवारी २०१२ रोजी न्यू-ऑलेसुन येथे एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस झाला. तेथील वर्षाच्या पर्जन्याचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होता, आणि तोही ध्रुवीय रात्रीत! हवामान वेगाने उष्ण होत असल्याने असे हिवाळे आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाहीत.

रेनडिअर, टार्मिगन आणि एका भागात आढळणारा उंदराच्या जातीचा एक लहान प्राणी या तिघांची संख्या अशा हिवाळ्यानंतर एकाच वेळी घटते, असे नॉर्वेतील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. कोल्ह्याची गोष्ट मात्र निराळी. त्या हिवाळ्यात त्याला मेलेल्या रेनडिअरांची मेजवानीच मिळते. पण बळी पडावयाचे ते दुर्बळ प्राणी आधीच संपलेले असल्याने पुढील हिवाळ्यात कलेवरे मिळत नाहीत, आणि त्याची संख्या एक वर्ष उशिराने खाली येते.

उरलेले रेनडिअर अशा वेळी डोंगर सोडून समुद्रकिनारी उतरतात आणि लाटांनी आणून टाकलेले समुद्रशैवाल खातात. हे अन्न त्यांच्या पोटास मानवत नाही, अतिसार होतो. म्हणून जवळपास जो काही चारा उघडा मिळेल तोही ते शोधत राहतात, आणि किनारा व उतार यांच्यामध्ये येरझारा घालीत सूर्याच्या दर्शनापर्यंत दिवस काढतात.