भाडं वाढवायलाही नियम आहे

ताईंनो, वाडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणी आहेत. घरमालक एकदम म्हणतो, "पुढच्या महिन्यापासून 500 रुपये जास्त, नाही तर खोली खाली करा." मग बचतीचा हप्ता अडतो. घाबरून हो म्हणू नका. आधी आपला कागद कोणता आहे, ते पाहा.

1. भाडेकरार : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू असलेल्या भागात मालकाला वर्षाला 4 टक्के भाडं वाढवता येतं. म्हणजे 3000 रुपयांवर 120 रुपये. घराचा कर वाढला किंवा मालकानं सुधारणा केली, तर त्याचे नियम वेगळे आहेत. वाढ दिली नाही म्हणून पाणी, वीज तोडणं या कायद्यात मना आहे.

2. लीव्ह अँड लायसन्स : हा बहुधा 11 महिन्यांचा असतो. कागदावर लिहिली तीच रक्कम. मुदत संपली की नवी रक्कम ठरते, तिथं 4 टक्क्यांचा आधार मिळत नाही. म्हणून पुढची वाढ किती, हे सुरुवातीलाच लिहून घ्या.

करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. दर महिन्याची पावती मागा, जपून ठेवा.

वाद झालाच, तर उत्पन्न कितीही असो, महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन 15100. आपल्या वस्तीला कोणता नियम लागतो, तेही तिथंच विचारा.

पुढच्या बैठकीला आपापला करार घेऊन या. एकमेकींचे वाचून पाहू.