साडेसातचा निरोप



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७

मित्रांनो, आजचा विषय माझ्याच घरातला आहे. लिहू की नको, असा दोन दिवस विचार करत होतो. पण जे आपल्याला लागलं तेच सांगावं, म्हणून लिहितोय.

मागच्या वर्षी अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही म्हणून सांगितलं. अण्णांचा दिवेलागणीला ज्ञानेश्वरी वाचायचा नेम. माझ्या आठवणीत तो कधी चुकलेला नाही. ते मला म्हणाले, "तू वाच, मी ऐकतो." मी हो म्हटलं. आमचं घर केडगावात, पुणे रोडपासून आत. लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन इथे आलो तो आलोच. आता आठवड्यातून दोन दिवस पुण्याला जातो, बाकी काम घरूनच. त्यामुळे संध्याकाळी मी घरात असतोच. निदान दिसायला तरी.

सहावा अध्याय चालू होता. पहिल्या दिवशी दहा-बारा ओव्या झाल्या आणि मांडीजवळचा फोन थरथरला. मी नुसतं बघितलं, पण परत पानावर आलो तेव्हा ओवी सापडेना. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी अण्णा म्हणाले, "राहू दे बाळा. तू कामात आहेस." ते रागावले नव्हते, उलट मला समजून घेत होते, आणि तेच जास्त लागलं.

कारण मी कामात नव्हतो. साडेसात वाजता आलेला तो निरोप एका अ‍ॅपचा होता. "तुमच्यासाठी खास सूट." ते अ‍ॅप आमच्याच कंपनीचं. असे निरोप लोकांच्या फोनवर पाठवणाऱ्या टीममध्ये मी आहे. संध्याकाळी साडेसातला लोक फोन सगळ्यात जास्त उघडतात, हे आकड्यांत बघून ती वेळ मीच सुचवली होती. लाखो घरांतल्या दिवेलागणीत मी एक खडा टाकला होता, आणि त्यातला एक आमच्याच देवघरात येऊन पडला.

श्लोक काय सांगतात

गीतेचा सहावा अध्याय ध्यानाचा. त्यात आसन कसं असावं, नजर कुठे असावी हे भगवंत सांगतात. मग १६व्या आणि १७व्या श्लोकात विषय एकदम आपल्या रोजच्या घरात येतो. भावार्थ असा: जो अति खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही नाही. जो सारखा झोपतो त्याला नाही, आणि जो सारखा जागतो त्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जाग ही पाचही मापात आहेत, त्याच्या योगाने त्याचं दुःख सरतं.

हे पाच शब्द आपल्या फोनवर लावून बघा. जेवताना समोर व्हिडिओ, म्हणून किती खाल्लं ते कळत नाही. फिरायला गेलो तर कानात काहीतरी आणि डोळे स्क्रीनवर. कामात दर थोड्या वेळाने कुणीतरी डोकावतं. झोप पुढच्या रीलवर अवलंबून. आणि सकाळी डोळे उघडले की हात आधी उशीखाली जातो. आहार, विहार, कर्म, निद्रा, जाग, पाचही ठिकाणी तो आहे. भगवंतांनी फोन बघितला नव्हता, पण माणूस कुठे सुटतो ती पाच दारं त्यांनी बरोबर दाखवून ठेवली.

आता यातला मुख्य शब्द 'युक्त'. युक्त म्हणजे मापातलं, जुळलेलं. सोडून दिलेलं असा त्याचा अर्थ नाही. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये म्हणजे इ.स. १२९० मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. या श्लोकांवर बोलताना ते दोन्ही टोकांना सारखंच झोडतात. जिभेच्या आणि झोपेच्या ताब्यात गेलेला माणूस त्यांना चालत नाही, आणि हट्टाने भूक-तहान कोंडून धरणाराही चालत नाही. ज्याचं शरीरच त्याचं राहिलं नाही, त्याला योग कुठून लाभणार, असा त्यांचा रोख आहे. पुढे ते मापाने खायला, मोजकं बोलायला, मोजकं चालायला आणि वेळ झाली की झोपेचाही मान राखायला सांगतात.

म्हणजे "फोन फेकून देतो, हिमालयात जातो" हाही एक हट्टच झाला. मी तेही करून बघितलंय. एकदा सगळी अ‍ॅप्स काढून टाकली. सहाव्या दिवशी परत घेतली आणि त्या रात्री दोनपर्यंत जागलो. उपाशी राहिलेला माणूस ताटावर तुटून पडतो, तसं.

माप एकट्याने का टिकत नाही

इंजिनिअर म्हणून थोडं सांगतो, कारण हे समजलं की स्वतःला दोष देणं कमी होतं. पूर्वी वेबसाइटवर पान संपायचं आणि खाली 'पुढचं पान' असं बटण असायचं. ते दाबताना माणूस क्षणभर थांबायचा, आणि त्या क्षणात "आता पुरे" म्हणायला जागा होती. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोलिंग बनवलं आणि ती जागा गेली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. दुसरं असं की, उघडल्यावर दर वेळी काहीतरी चांगलं मिळालं असतं तर आपल्याला कंटाळा आला असता. कधी मिळतं, कधी नाही, म्हणून हात परत परत जातो. सोडतीचं तिकीट घेणाऱ्याचं होतं तेच.

२०१८ मध्ये गूगलने अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणलं आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. चांगलंच केलं. कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसतं, मर्यादा लावता येते. पण माझी मर्यादा संपली की ती पाटी येते आणि त्याच पाटीवर थोडा वेळ वाढवून घ्यायची सोयही असते. मर्यादा लावणारा मी, मोडणारा मी, आणि बघणारं कुणी नाही. अर्जुनानेही याच अध्यायात तक्रार केलीय की मन वाऱ्यासारखं आहे, धरायचं कसं? भगवंत म्हणतात, अवघड आहे खरं, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते जमतं. अभ्यास म्हणजे रोज, ठरल्या वेळी, परत परत. आपल्या भाषेत त्याला एक साधा शब्द आहे: नेम.

आणि नेम घरादाराने मिळून धरला की टिकतो. एकादशीचं बघा. घरात सगळ्यांचा उपवास असला की साबुदाणा भिजतो, पोळीचा डबा उघडतच नाही. घरात एकट्याचाच उपवास असला की दुपारपर्यंत हात डब्यापाशी जातो.

आमच्या केडगावपासून जवळच अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला तिथे मौन धरलं आणि १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत ते सोडलं नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून आणि नंतर हातांच्या खुणांनी ते लोकांशी बोलत राहिले. म्हणजे माणसं त्यांनी तोडली नाहीत. आजही १० जुलैला त्यांचे भक्त मौन पाळतात. एक तारीख, सगळे मिळून. लहानपणी मला वाटायचं, दिवसभर न बोलता राहतात तरी कसे? आता वाटतं, शेजारचाही बोलत नसेल तर ते तेवढं अवघड नसावं.

वडगावचा भोंगा

याचं आजच्या काळातलं उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. कोरोनात शाळा ऑनलाइन झाली आणि मुलांच्या हातात फोन आले. शाळा परत भरल्या तरी फोन हातातून सुटेनात. मोठ्यांचंही तेच, टीव्ही नाहीतर मोबाइल. १४ ऑगस्ट २०२२ ला गावातल्या बायकांची सभा झाली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी सांगितलेल्या माहितीनुसार सुरुवातीला पुरुषमंडळी हसली होती. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर गेले, समजावून सांगितलं. स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता गावातल्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. सात ते साडेआठ टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. साडेआठला परत भोंगा, मग ज्याचं त्याने बघावं.

यात तीन गोष्टी मला शिकण्यासारख्या वाटल्या. एक, दीडच तास. चोवीस तासांची बंदी नाही, म्हणजे माप आहे. दोन, वेळ ठरलेली. "जमेल तेव्हा" नाही. तीन, सगळ्यांना एकच नियम. मुलाला "अभ्यास कर" म्हणून बाप रील बघत बसला, असं नाही. ही वेळही नवी नाही. तिन्हीसांजेला दिवा लावायचा, शुभंकरोती म्हणायची, परवचा म्हणायचा, हा आपल्या घरांचा जुना भोंगाच होता. आवाज नव्हता एवढंच.

आणि हे वाचताना माझ्या लक्षात आलं, त्या गावाने सात ते साडेआठ मोकळी ठेवलेली वेळ आणि मी आमच्या निरोपासाठी सुचवलेली वेळ एकच आहे. साडेसात.

आमच्या घरी

अण्णांचा डोळा बरा झाला. ते परत स्वतः वाचू लागले असते, पण मीच म्हटलं, "अजून थोडे दिवस मी वाचतो." घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं, सात ते आठ. सगळे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर. रिंग चालू ठेवायची, कारण कुणाला खरंच गरज लागली तर फोन येईल. माझी काही आठवडे ऑन-कॉलची पाळी असते, म्हणजे सिस्टिम बंद पडली तर मला उठावंच लागतं. तेव्हा फक्त तेवढा अलार्म चालू, बाकी सगळं गप्प. कर्म सोडायचं नाही, मापात आणायचं.

भोंगा आमच्याकडे नाही. सहा वर्षांची लेक सात वाजता देवघरातली घंटा वाजवते, आणि ती कुणालाच सोडत नाही. पहिल्या आठवड्यात नेम तीनदा मोडला आणि तिन्ही वेळा मोडणारा मीच. बायको काही बोलली नाही, आई हसली. लेक मात्र फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, घंटा झाली." मी फोन ठेवला.

ऑफिसातही बोललो. आमचा निरोप त्या वेळेत बंद करावा असं सुचवलं. पहिला प्रश्न आला तो आकड्यांचा: उघडणारे किती कमी होतील? बरीच चर्चा झाली. शेवटी, ज्याला हवं त्याला आपली शांत वेळ निवडता येईल अशी सोय आली. ती सोय आपण होऊन चालू होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन करावी लागते. म्हणजे अर्धंच काम झालं, हे मला माहीत आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी परत बोलणार आहे. आपल्या पोटापाण्याच्या कामातही 'युक्त' बसतं का, हा प्रश्न आता माझा सुटत नाही. गीतेने कर्मातलं मापही सांगितलंय, तेव्हा तो सुटूही नये.

परवा सहावा अध्याय संपला. शेवटची ओवी झाल्यावर अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, "उद्या सातवा." बस, एवढंच.

आजचा अभ्यास

१. खाणं, फिरणं, काम, झोप, जाग. या पाचांपैकी तुमचा फोन कुठे सगळ्यात जास्त शिरलाय? एकच निवडा. पाचही एकदम नको.

२. घरातल्या किंवा रूमवरच्या निदान एका माणसाला सोबत घ्या आणि वेळ ठरवा. अर्धा तास चालेल, पण रोज तोच.

३. नेम मोडला तर चरफडत बसू नका. मन जिथे जिथे पळेल तिथून त्याला परत आणावं, असं याच अध्यायात पुढे सांगितलंय. म्हणजे ते पळणार हे भगवंतांनी धरूनच ठेवलंय.

आणि हो, हे चिंतन तुम्ही संध्याकाळी सात ते आठच्या मध्ये वाचत असाल, तर फोन ठेवा. उरलेलं उद्या सकाळी वाचा. मी रागावणार नाही.

राम कृष्ण हरी.