कॉर्टिसॉल कमी करणारी गोळी कोणासाठी?

चेहरा गोल गरगरीत, पोट सुटलेले, हातपाय मात्र काड्यांसारखे. मानेखाली चरबीचा उंचवटा, पोटावर रुंद जांभळे पट्टे, जरासे लागले तरी काळेनिळे डाग. अशा बाईला वस्तीत कोणी ‘खाऊन सुटली’ म्हणते, कोणी करणी केली म्हणते. कारणाशिवाय काही घडत नाही, हे आपण धम्मात शिकलो आहोत. सोबत बीपी आणि साखर वाढली असेल तर हा कुशिंग सिंड्रोम असू शकतो.

मूत्रपिंडांवर ॲड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने कॉर्टिसॉल बनवतात; हुकूम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा. यांपैकी कुठे गाठ झाली तर कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर वाढू शकते. मुख्य उपाय ऑपरेशन. ते शक्य नसेल, पुरे पडले नसेल किंवा त्याला वेळ असेल, तेव्हा गोळ्या देतात.

त्यातली एक केटोकोनॅझोल. नायट्याच्या मलमामुळे हे नाव ओळखीचे वाटेल. पोटात घेतल्यावर ती ॲड्रिनलमधले एन्झाइम अडवते. पीठ मळून तयार आहे, पण चूलच पेटू दिली नाही, तर भाकरी कुठून होणार? मेटिरापोन ही दुसरी गोळी शेवटचा टप्पा अडवते. गाठ मात्र या गोळ्यांनी जात नाही. केटोकोनॅझोलने लिव्हरला इजा होऊ शकते, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. कॉर्टिसॉल फारच उतरले तर उलट्या, चक्कर, गळून जाणे असे होते. तेव्हा लगेच दवाखाना गाठावा.

आता आम्हाला जास्त काळजी वाटते ती गोष्ट. कुशिंगचे सर्वांत मोठे कारण गाठ नव्हे, बाहेरून घेतलेले स्टेरॉइड आहे. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, ‘अंग भरायच्या’ गोळ्या, चेहरा उजळायची कडक मलमे यांत ते असू शकते. तिथे वरची गोळी उपयोगी नाही, कारण भाकरी बाहेरून तयारच येते आहे. स्वतःची ग्रंथी तर कामाविना सुस्त पडलेली असते. म्हणून घाबरून पुडी एकदम बंद करू नका. जिवावर बेतू शकते. दम्यासाठी किंवा इतर आजारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइडही आपल्या मनाने सोडू नका. डोस हळूहळू उतरवावा लागतो, तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत जाताना उरलेली पुडी, रिकामी पाकिटे, मलमाची ट्यूब सोबत न्या आणि किती महिने घेतले ते न लाजता सांगा.