मधुमेही नेत्रविकार आणि पेशीग्राही

मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन (चेन्नई) आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी होतात. प्राणवायूला वंचित पेशी ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन स्रवतात. ते वाहिन्यांच्या पेशींवरील ग्राहींना जोडले जाताच वाहिन्या पाझरतात व नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. रॅनिबिझुमॅब हे प्रथिन वाटेतच अडवते. ॲफ्लिबरसेप्ट तर ग्राहीच्याच अंशांपासून घडवलेला सापळा आहे. डोळ्यात वारंवार टोचावी लागणारी ही औषधे महाग असतात. २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबचे जैवसदृश औषध भारतात उपलब्ध झाले. तथापि प्रारंभी लक्षणे दिसत नसल्याने वार्षिक दृष्टिपटल तपासणी अत्यावश्यक ठरते.