नकाशा पटकन उघडतो, त्यामागचं करिअर

मुलीने जिओइन्फर्मॅटिक्स घ्यायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो: नकाशे काढून नोकरी कोण देणार? पालकांची ही काळजी निराधार नाही. उपग्रहचित्रावर माउसने रस्ते, विहिरी, शेतांच्या हद्दी गिरवायचं डिजिटायझेशनचं काम बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. त्यात मोबदला बेताचा असतो आणि त्यातलं बरंचसं काम आता संगणकच करू लागला आहे. तेवढंच शिकून बाहेर पडणाऱ्याची वाट अवघड आहे, हे मी स्पष्टच सांगेन. पण याच क्षेत्रात एक काम असं आहे ज्याकडे विद्यार्थ्यांचं लक्ष क्वचितच जातं. अवाढव्य आकाराचा नकाशा कार्यालयातल्या साध्या संगणकावर न अडखळता उघडावा, अशी त्याची मांडणी करण्याचं ते काम.

स्वामित्व योजनेचंच उदाहरण घेऊ. 2020 साली सुरू झालेल्या या योजनेत ड्रोनने गावठाणांची छायाचित्रं घेऊन घरांच्या हद्दी ठरवल्या जातात. समजा, चित्रातला एक पिक्सेल जमिनीवरचे 5 सेंटिमीटर दाखवतो. मग एका चौरस किलोमीटरचं चित्र 20,000 गुणिले 20,000, म्हणजे 40 कोटी पिक्सेलचं होतं. प्रत्येक पिक्सेलला तीन रंगांचे तीन बाइट धरले तर ही फाइल सुमारे 1.2 जीबीची झाली. याउलट नेहमीच्या 1920 गुणिले 1080 पडद्यावर मावतात जेमतेम 20 लाख पिक्सेल. सगळं गाव एकदम पाहायचं तर सॉफ्टवेअरला 40 कोटी पिक्सेल चाळून त्यातले 20 लाख दाखवावे लागतात आणि संगणक घुसमटतो.

यावरचा उपाय म्हणजे त्याच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश तपशिलाच्या प्रती आधीच करून ठेवायच्या. याला पिरॅमिड म्हणतात. या सगळ्या प्रतींना मिळून मूळ फाइलच्या फक्त एक तृतीयांश जागा जादा लागते, आणि जीडीएएल या मोफत साधनसंचातली एक आज्ञा त्या तयार करून देते.

टाइलमध्ये, म्हणजे नकाशाच्या छोट्या चौकोनी तुकड्यांमध्ये, हाच विचार पुढे नेलेला असतो. सर्वसाधारण पद्धतीत शून्य झूम पातळीवर जवळजवळ सगळं जग 256 गुणिले 256 पिक्सेलच्या एका चौकोनात बसतं, आणि पुढच्या प्रत्येक पातळीवर चौकोन चौपट होतात. पुणे जिल्ह्यापुरता हिशेब केला तर 18व्या पातळीवर साधारण साडेसात लाख टाइल लागतील आणि 19व्या पातळीवर तीस लाख. खरी कसोटी इथे लागते. गावठाणाला बारीक तपशील हवा, पण सह्याद्रीतल्या दाट जंगलाला 15वी पातळीही पुरेल. हे ओळखायला भूगोल कळावा लागतो, म्हणून भूगोलाच्या विद्यार्थ्याने इथे स्वतःला कमी लेखू नये.

एकदा आणलेली टाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवणं म्हणजे कॅश. नकाशा दुसऱ्यांदा उघडताना लगेच दिसतो तो त्यामुळे. पण हीच कॅश घातकही ठरते. हद्दीची दुरुस्ती झाली, मूळ नोंद बदलली, आणि समोरच्या संगणकावर मात्र जुनीच टाइल दिसत राहिली, तर एखाद्या कुटुंबाच्या घराबद्दल चुकीचा निर्णय होऊ शकतो. कोणत्या टाइल शिळ्या झाल्या, तेवढ्याच पुन्हा कशा करायच्या, किती दिवसांनी तपासायच्या, हे ठरवणाऱ्या माणसावर मोठी जबाबदारी असते. मला हे काम मोलाचं वाटतं ते याचसाठी.

आणखी एक सावधगिरी. टाइलसाठी वापरलं जाणारं वेब मर्केटर प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जाताना जमीन फुगवतं. थेट त्याच प्रक्षेपणात क्षेत्रफळ मोजलं तर पुण्याच्या अक्षांशावर ते सुमारे 11 टक्के जास्त येतं. जमिनीच्या कामात ही चूक परवडणारी नाही.

सरावाला लाखभर रुपयांचं सॉफ्टवेअर लागत नाही. 2002 साली गॅरी शेर्मन यांनी सुरू केलेलं क्यूजीआयएस मोफत आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची मूळ माहिती घ्या आणि आपल्या तालुक्याच्या 10 ते 16 पातळ्यांच्या टाइल स्वतः बनवा. ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून तयार टाइल घाऊक उतरवून घेऊ नका, त्यांच्या नियमांत ते बसत नाही. टाइल एमबीटाइल्स प्रकारच्या एकाच फाइलमध्ये साठवा. ती फाइल म्हणजे एसक्यूएलाइटचा डेटाबेस असतो, त्यामुळे एसक्यूएल शिकायला आयतं निमित्त मिळतं. किती टाइल झाल्या, किती एमबी लागले, किती वेळ गेला, याची वही ठेवा. जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा हवीच. ही वही मुलाखतीला घेऊन जा.

शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुण्यातलीच सिम्बायोसिसची जिओइन्फर्मॅटिक्स संस्था आणि आयआयटी मुंबई हे पर्याय पाहता येतील. इस्रोच्या देहरादून इथल्या आयआयआरएसचे ऑनलाइन वर्ग आधी करून पाहावेत, म्हणजे मोठी फी भरण्यापूर्वी आवड पारखता येते. फेब्रुवारी 2021मध्ये केंद्र सरकारने भारतीय कंपन्यांवरची नकाशे तयार करण्यासाठीची पूर्वपरवानगीची अट काढली. त्यामुळे सरकारी खात्यांखेरीज खासगी क्षेत्राचाही विचार जरूर करावा.

प्रवेश घेताना पालकांनी प्लेसमेंटच्या आकड्यांसोबत एवढं तरी विचारावं: विद्यार्थी मोठ्या रास्टर, म्हणजे पिक्सेलच्या, फाइलवर स्वतः काम करतात का, प्रोग्रॅमिंग किती सत्रं असतं आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहायला मिळतील का?