पेशीचा पाण्याचा हिशेब

कालव्याखालील भागांत एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. जमीन ओली असते, पाटाचें पाणीहि वेळेवर मिळालेलें असतें. तरी पीक माना टाकतें. पाण्यांत उभें असलेलें रोप तहानेनें कां सुकावें, हें समजण्यासाठीं वनस्पतीची पेशी पाण्याची देवघेव कशी करते हें पाहिलें पाहिजे. तेंच या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घरीं करण्याजोगा एक प्रयोग सांगतों. बटाट्याच्या सारख्या जाडीच्या दोन फोडी घेऊन एक साध्या पाण्यांत व दुसरी मूठभर मीठ विरघळविलेल्या पाण्यांत ठेवावी. कांहीं तासांनीं पहिली ताठ व दुसरी लुळी पडलेली आढळेल. याचें कारण असें कीं, प्रत्येक पेशीभोंवतीं एक अति पातळ पडदा असतो. त्यांतून पाणी जातें, परंतु मीठ व साखर सहज जात नाहींत. ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूकडे पाणी ओढलें जातें. या क्रियेस तर्षण अथवा परासरण म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म प्फेफर यांनीं १८७७ सालीं कृत्रिम पडदा तयार करून या ओढीचें मापन प्रसिद्ध केलें. पडद्यांत पाण्यापुरत्या सूक्ष्म वाटा असतात, हें मात्र १९९२ मध्यें पीटर ॲग्रे यांच्या संशोधनानें सिद्ध झालें. त्याबद्दल त्यांस २००३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

वाढ झालेल्या वनस्पतिपेशीचा बहुतेक भाग रिक्तिका नांवाच्या पिशवीनें व्यापलेला असतो. तींत क्षार, शर्करा व आम्लें साठवून पेशी पाणी आंत ओढते. पिशवी फुगते, बाहेरची कठीण भिंत तिला आवरते, आणि या दाबामुळें पान ताठ उभें राहतें. हा दाब पुष्कळदां मोटारीच्या चाकांतील हवेच्या दाबाच्या दुपटीहूनहि अधिक असतो.

पेशीच्या आंत जे लहान अवयव आहेत, त्यांनाहि हाच हिशेब ठेवावा लागतो. पानांतील हरितकण हे मूळचे स्वतंत्र जीव असावेत, अशी कल्पना रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनीं १९०५ मध्यें मांडली. लिन मार्ग्युलिस यांनीं १९६७ मध्यें तिचा जोरानें पुरस्कार केला. हरितकणांस स्वतःचें आनुवंशिक द्रव्य असतें व ते स्वतः दुभंगून वाढतात; म्हणून आज ही उपपत्ति सर्वमान्य आहे. भातखाचरांत दिसणारें, हवेंतील नत्र बांधणारें नीलहरित शैवाल हें हरितकणांच्या पूर्वजांच्याच कुळांतील होय. श्वसन करणाऱ्या तंतुकणिकाहि अशाच एका जिवाणूपासून आल्या.

फार पाणी आंत शिरल्यास फुटूं नये म्हणून जिवाणूंच्या पडद्यांत ताण पडतांच उघडणारीं दारें असतात. तशींच दारें हरितकणांतहि आहेत, असें २००६ सालीं मोहरीच्या कुळांतील एका रोपावर दिसून आलें. दारें नसलेल्या रोपांतील हरितकण अवास्तव फुगले होते. राहण्याची जागा बदलली, तरी पूर्वजांची ही व्यवस्था टिकून राहिली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जमिनींतील पाण्यांत क्षार वाढले, कीं मुळाची पेशी आपल्या बटाट्याच्या दुसऱ्या फोडीसारखी होते. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युद्‌वाहकता ४ डेसिसीमेन्सपेक्षां अधिक असल्यास ती जमीन खारवट समजतात. तितक्या क्षारांची ओढ सुमारें दीड वातावरणाइतकी असते व पिकास तिच्याविरुद्ध पाणी ओढावें लागतें. सर्व पिकें सारखीं सोशीक नसतात. कांद्याचें उत्पन्न सुमारें १.२ वरच घटूं लागतें, उसाचें १.७ वर, गहूं ६ पर्यंत व कापूस ७.७ पर्यंत तग धरतो.

चिबड जमिनींत आणखी एक अडचण असते. तेथें मुळांस हवा मिळत नाहीं, तंतुकणिकांचें काम मंदावतें आणि पेशी आंबट होऊन पाण्याच्या वाटा मिटतात. मग भोंवतालीं पाणी असूनहि तें आंत येत नाहीं. अशा वेळीं पीक सुकलें म्हणून पुन्हां पाणी देणें हा घात होय.

यावरून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या:

१. माती व विहिरीचें पाणी तपासून घेतल्यावांचून पीक ठरवूं नये.

२. निचऱ्याचे चर आधीं काढावे, मगच गोड पाण्यानें क्षार धुवावे. निचरा नसतां पाणी भरल्यास क्षार पुन्हां वर चढतात.

३. चोपण जमीन केवळ धुवून सुधारत नाहीं. तिला तपासणीप्रमाणें जिप्सम द्यावें लागतें.

४. क्षार वरंब्याच्या माथ्यावर जमतात, म्हणून बीं बगलेस टोकावें.

५. रासायनिक खत बियाण्यास अथवा कोंवळ्या मुळास चिकटून देऊं नये. तेंहि मिठासारखेंच पाणी ओढून घेतें.

६. वाफसा येऊं द्यावा व मगच पुढील पाळी द्यावी.

ज्यांच्या शेतांत पांढरे चट्टे नुकतेच दिसूं लागले असतील, त्यांनीं चरांचें काम येत्या उन्हाळ्यांतच हातीं घ्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.