शेलची शिदोरी

टंकलिखित आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमास शेल म्हणतात. एक प्रोग्रॅम दुसऱ्यास सुरू करतो तेव्हां, परगांवीं निघालेल्या मुलास आई शिदोरी देते तशीं, कांहीं नांवें व त्यांचीं मूल्यें तो त्याच्या हवालीं करतो. हींच एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलें.

१९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेल्या बॅश शेलमध्यें या शिदोरींतून फंक्शनची व्याख्याहि पाठवितां येई. मात्र व्याख्या संपल्यावर बॅश थांबत नसे. तिच्यापुढें लिहिलेली आज्ञाहि तो निमूटपणें पार पाडी. सी.जी.आय. पद्धतीचे वेबसर्व्हर तर परक्या माणसाचे शब्द या शिदोरींत बांधून देतात! पंचवीस वर्षें निभावलेला हा दोष स्तेफान शाझेलास यांनीं सप्टेंबर २०१४ मध्यें उघडकीस आणला.

परीक्षा सोपी आहे. एका व्हेरिएबलांत रिकामी व्याख्या व तिच्यापुढें एखादा शब्द छापण्याची आज्ञा घालून नवा बॅश सुरू करावा. शब्द उमटला तर दोष आहे.

पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, कारण परका मजकूर व्याख्या म्हणून वाचणें चालूच राहिलें. त्या वाचनव्यवस्थेंत मजकूर वळविण्याच्या सूचनांसाठीं दहाच खण होते. सूचना फार झाल्या कीं खणांबाहेर लिहिलें जाऊन शेल कोसळे. फ्लोरियन वायमर यांचा उपाय आम्हांस खरा मर्मग्राही वाटतो. त्यांनीं मूल्य सोडून नांवाकडे पाहिलें : ठराविक उपसर्ग असलेल्या नांवाखालींच व्याख्या मानावी. वेबसर्व्हरकडे येणारा परका मूल्य हवें तें लिहील, परंतु तसें नांव त्यास देतां येत नाहीं.